काजूच्या वर्षीची चिकटपट्टी

माणसं घरी बोलावून खाऊपिऊ घालायचा मला पहिल्यापासून कंटाळा. आता वय झालं म्हणून म्हणते असं नाही. तेव्हाही होता, फक्त बोलून दाखवायची सोय नव्हती. हेडमास्तरांची बायको म्हटली की गावातलं कुणीही केव्हाही येणार, चहा होणार, पोहे होणार, आणि जाताना पाहुणा म्हणणार, "वैनींच्या हाताक चव आसा हां!" हाताला चव असते, पण तो हात दुखतो का, हे एवढ्या वर्षांत कुणी विचारलं नाही. आमच्या घरच्यांनी, म्हणजे हेडमास्तरांनीसुद्धा नाही.

तरीही दर चैत्रात मी तीन बायकांना घरी बोलवत असे, आणि हे बरीच वर्षं नेमानं चाललं. मला हौस होती म्हणून नव्हे. का ते सांगते.

माझी एक मैत्रीण होती. दोघींचं माहेर मसुऱ्याचं, एकाच वाडीतलं. भराडी देवीच्या जत्रेत बांगडीवाल्यापुढे आम्ही शेजारी शेजारी हात धरून बसलेल्या. लग्नंही मागेपुढे झाली ती समुद्राकाठच्या याच गावात, एकाच पाणंदीच्या दोन टोकांना. मला वाटलं, चला, जन्माची सोबत झाली. तिचा नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत तापानं गेला. मूलबाळ नव्हतं. घरात उरले थोरला दीर, जाऊ आणि सासू.

सासूही विधवाच, ऐन विशीत झालेली. दोन मुलगे पदरात घेऊन तिनं ते घर ओढलं होतं, आणि ओढता ओढता तिची जीभ आणि नाक दोन्ही तिखट झाली होती. पेजेला जरा करप लागली तरी म्हातारीला ओसरीवर बसून कळायचं. दीर तसा वाईट माणूस नव्हता, पण गावात मान होता आणि तो मान त्यानं घरातल्या बायकांच्या वागण्यावर टांगून ठेवला होता. मैत्रिणीनं जायचं ते देवळात आणि विहिरीवर. तिसरं ठिकाण नाही.

लग्नानंतर मी हळदीकुंकू करत असे. तिच्या नवऱ्यानंतरच्या पहिल्या चैत्रातही केलं. कामाला म्हणून घरच्यांनी तिला सोडलं होतं, ती सकाळपासून माझ्या मदतीला होती. डाळ तिनं वाटली, कैऱ्या तिनं उकडल्या, पन्हं तिनं गाळलं. दुपार कलल्यावर पुढच्या दारानं बायका यायला लागल्या आणि मी मागे वळून बघते तर ही नाही. मागच्या दारानं गेली होती. जाताना पाटा-वरवंटासुद्धा धुऊन गेली. तिला कुणी जा म्हटलं नव्हतं. म्हणावं लागत नाही, हेच तर.

मला त्या दिवशी असा राग आला की बायकांच्या ओट्या भरताना मी निम्मे हरभरे खाली सांडले. कुणावर राग, ते मला नीट सांगता आलं नसतं. तिनं वाटलेली डाळ सगळ्या जणी मिटक्या मारत खात होत्या आणि मी हसून 'घ्या की अजून' म्हणत होते. संध्याकाळी आमच्या घरच्यांना म्हटलं, "पुढच्या वर्षापासून हळदीकुंकू नाय. माका झेपणा नाय." ते म्हणाले, "बरा." बायकांच्या गर्दीत त्यांना पेपर वाचायला ओटीवर जागा उरत नसे, त्यांना सोयीचंच झालं.

झेपत नाही हेही खरंच होतं. मुलं लहान, सासू नाही, विहीर लांब. तेव्हा जे सुरू झालं ते अर्धं मैत्रिणीसाठी आणि अर्धं कंटाळ्यातून काढलेली पळवाट म्हणून.

गावच्या दवाखान्यात एक नर्सबाई होत्या, वेंगुर्ल्याकडच्या ख्रिस्ती. लग्न केलेलं नव्हतं, आणि नाही केलं याचं त्यांना दुःखही दिसत नव्हतं. नाताळासाठी त्या घरी जांभळाची वाइन घालून ठेवायच्या आणि बाळंतिणींना, खोकलेकऱ्यांना 'औषध' म्हणून पाजायच्या. राज्यात दारूबंदी, पण नर्सबाईंच्या हातातलं ते औषध हे गावानं मान्य केलेलं होतं. एका दुपारी त्या बाटली घेऊन माझ्याकडे आल्या. मैत्रीण विहिरीवरून परतताना डोकावली. पलीकडच्या घरातली, नवरा मुंबईला गिरणीत असलेली, आम्ही तिला मुंबईवालीच म्हणायचो, तीही आली. मी माझ्या अंगच्या आळसाला धरून म्हटलं, "माझ्याकडे कायएक शिजवलेला नाय. घराकडसून एकेक वाटी घेवन येवा." त्या आल्या. नर्सबाईंनी दवाखान्यातले इवलेसे औषधाचे ग्लास काढले, त्यात बोटभर वाइन ओतली, आम्ही नाक मुरडत ती चाखली, आणि तीन वाट्यांतलं चार चमचे खाल्लं. कुणाला रांधावं लागलं नाही, कुणाला वाढावं लागलं नाही. मला वाटलं, हे बरं आहे.

पुढच्या चैत्रापासून तेच करायचं ठरलं. आम्ही त्याला 'चवीक येणा' म्हणायचो. पहिल्याच खेपेला तिघींनी वाटीतून वाटली डाळच आणली, म्हणून मग एका वर्षाला एक फळ ठरवायला लागलो. कोकमाच्या वर्षी सगळं कोकमाचं, आंब्याच्या वर्षी आंब्याचं. खायचं प्रत्येकीनं एक वाटी आणायचं, आणि प्यायचं जे असेल ते औषधाच्या ग्लासातून चाखून त्याच्यावर हवं ते बोलायचं. आणि एक नियम मी घातला: गजरा माळून यायचं नाही. फुलांच्या वासानं चवीचा घोटाळा होतो, असं मी ठोकून दिलं. मला चवीतलं ढिम्म कळत नव्हतं. चार बायकांत एकटीच बिनफुलांची दिसू नये, एवढाच त्यातला अर्थ. मैत्रिणीला तो पहिल्याच दिवशी कळला असणार. कुंकवाची गोष्ट निघतच नसे. माझ्या नि मुंबईवालीच्या कपाळाला होतं, नर्सबाईंचं नि हिचं मोकळं. फिटंफाट.

हेडमास्तरांचं घर म्हणून दीर तेवढं एक दिवस सोडायचा. पण गावात ब्र निघाला असता तर तेही बंद झालं असतं. ती पुढच्या दारानं पाहुणी म्हणून जिथे शिरेल असं वर्षातलं ते एकच घर, एकच दुपार. दर वर्षी ती वाटी झाकून निघाली की सासू दारातून विचारायची, "हळदीकुंकू नाय मा?"

"नाय गो आये. सरबत पितत."

"मगे जा."

हे ती मला येऊन सांगायची, आणि आम्ही हसायचो. मी हसायचे तेव्हाही मनात भीती असायची. खरं सांगायचं तर या सगळ्याचं ओझं त्या वाट्यांपेक्षा या भीतीचं जास्त होतं.

काजूचं वर्ष आलं ते गोवा आपल्यात आल्यानंतरचं. वाटेवरचे पहारे गेले होते आणि नर्सबाईंच्या पलीकडच्या नातेवाइकांनी त्यांना फेणी पोचवली होती, दवाखान्याच्या खोकल्याच्या बाटलीत घालून. खरं तर काजू मला नकोच होता. ओले काजूगर काढायचे म्हणजे सालीतलं तेल बोटांना लागून कातडी निघते. राखेत हात घोळवले, खोबरेल चोपडलं, तरी माझी बोटं पोळलीच. त्यात धाकट्याला गोवर. आदल्या दिवशीपासून माझी पाठ धरलेली. सकाळी उठून काजूची फळं, म्हणजे बोंडू, पिळायला बसले तेव्हा मनात म्हटलं, हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी सांगायचं, मला बरं नाही. आणि ते काही खोटं झालं नसतं.

बोंडूच्या ताज्या रसाला नीरो म्हणतात. तो एका भांड्यात. दोन दिवस ठेवून आंबलेला रस दुसऱ्यात. तिसरी नर्सबाईंची बाटली. एकाच फळाची तीन वयं बघायची असा त्या वर्षीचा बेत होता, नर्सबाईंनी काढलेला. मुंबईवालीनं बोंडूचे काप तिखटमीठ लावून आणले. नर्सबाईंनी सुकी सुंगटं, म्हणजे कोलंबी, घालून काजू केले होते, ते वेगळे ठेवले. मैत्रिणीनं ओल्या काजूंची उसळ आणली, कांदालसूण नाही, नुसतं ओलं खोबरं आणि वेलचीची पूड. मी कोवळ्या फणसाच्या भाजीत काजूगर घातले होते. आम्ही आतल्या खोलीत चटई टाकली. मी नीरो गाळायला स्वयंपाकघरात गेले आणि पुढच्या दारात हाक आली.

"आहेत का बाई घरात?"

नवीन फौजदारांची बायको होती. घाटावरची, सातारकडची, लग्न होऊन वर्षही झालं नसेल. फोंड्याच्या घाटात एस.टी. लागून अर्धमेली होऊन उतरलेली मी तिला पाहिली होती, त्याला काही आठवडे झाले होते. तिला शेजारणीकडून कळलं होतं की हेडमास्तरांकडे आज बायका जमणार आहेत. चैत्राचा महिना, बायका जमणार, म्हणजे दुसरं काय असणार? पोरगी नटून, डोक्यात मोगरा माळून, हातात हळदकुंकवाची चांदीची कोयरी घेऊन आली होती. परक्या मुलखात पहिल्यांदा कुणाच्या घरी जायचं म्हणून तिनं काय काय विचार केला असेल. तिला परत कसं पाठवणार? मी म्हटलं, "या, बसा आत. मी आलेच." आणि हातातला पंचा पिळायला परत आत गेले. नर्सबाईंची बाटली उघड्यावर आहे आणि घरात फौजदारीण आली आहे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. कोयरीचं माझ्या लक्षातच आलं नाही.

आतून मला तिचा आवाज ऐकू येत होता. "अगं बाई, कुंकूच लावलं नाही अजून कुणी? त्या बिचाऱ्या एकट्या राबतायत आत. थांबा, मीच लावते सगळ्यांना."

मग नर्सबाईंचं हसणं. "लाव गो, माका काय जाता?"

मी भांडं घेऊन बाहेर आले तेव्हा नर्सबाईंच्या कपाळावर हळदकुंकू होतं, आणि त्यांच्या शेजारी फौजदारीण माझ्या मैत्रिणीपुढे गुडघ्यावर वाकली होती. आधी दोघींची कपाळं मोकळी. उकाड्यानं घामाबरोबर पुसलं गेलं असेल असं त्या पोरीला वाटलं. हळद संपली म्हणून असेल किंवा घाईनं असेल, हळद न लावताच तिनं कोयरीतल्या मेणाचं बोट टेकवलं आणि त्यावर लालभडक पिंजर दाबली. चांगली ठसठशीत.

मैत्रीण हलली नाही. तिनं डोळे मिटले होते.

मुंबईवाली म्हणाली, "अगो, तिका नाय..." आणि तिथेच थांबली. पण तेवढं पुरलं. फौजदारिणीनं एकदा हिच्या हाताकडे पाहिलं, गळ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. कोयरी तिनं चटईवर ठेवली आणि दोन्ही हात तोंडावर घेतले. "मला माहीत नव्हतं हो. खरंच माहीत नव्हतं." रडायलाच लागली.

मला तिची दया यायला हवी होती. मला फक्त वाटलं, झालं, संपलं, आणि या पोरीला आता गप्पही मलाच करायचंय.

पण मैत्रीणच बोलली. "रडा नको गो. तू काय मुद्दाम केलंस?" आणि माझ्या हातातल्या भांड्याकडे बोट करून, "तां हाड हय. चव बघूक इलंव मा आमी?"

मी म्हटलं, "आधी पूस."

"पुसतंय. मगे. आधी चव बघूया."

मी भांडं खाली ठेवलं. काय करणार? नर्सबाईंनी ग्लास मांडले. दर वर्षी मैत्रीण शेवटी घ्यायची, त्या दिवशी तिनं पहिला ग्लास उचलला. नीरो घेतला, म्हणाली, गोड आहे पण घशाला धरतो. आंबलेला रस घेऊन म्हणाली, ह्याला अक्कल आलीय पण वळण नाही. आम्ही हसलो. तिलाही हसू आलं आणि हसताना तिच्या भुवया उंचावल्या की ते कुंकू वर सरकायचं. ती सुरेख दिसत होती. मला ते बघवत नव्हतं आणि नजरही काढता येत नव्हती.

नर्सबाईंनी तिसरी बाटली उघडली तेव्हा फौजदारिणीनं नाक पुसता पुसता विचारलं, "हे काय?"

"औषध," नर्सबाई म्हणाल्या.

ती वास घेऊन म्हणाली, "आमच्या ह्यांनी पकडून आणलेल्या बाटल्यांना असाच वास येतो."

नर्सबाईंनी बूच परत लावायला घेतलं. मग तिनं आपला ग्लास पुढे केला. "द्या मलाही थोडं. आजच्या दिवसात आणखी काय वाईट व्हायचंय?" तेव्हा मला ती पोरगी पहिल्यांदा आवडली.

वाट्या रिकाम्या झाल्या. मैत्रीण उठायचं नाव घेईना. एरवी ऊन कलायला लागलं की तिची चुळबुळ सुरू व्हायची. त्या दिवशी माडाची सावली खळ्यात, पुढच्या अंगणात, लांब पडली तरी ती गुडघ्याला मिठी घालून बसलेली. मसुऱ्याच्या जत्रेतल्या बांगडीवाल्याची गोष्ट तिनं फौजदारिणीला सांगितली, हात दाबून तो कसा रडवायचा ती. शेवटी मीच म्हटलं, "बाय गो, दिवेलागण होतली." मग ती माझ्याबरोबर मागच्या पडवीत आली.

पाण्यानं कुंकू गेलं नाही, पसरलं. खाली मेण होतं. एवढ्या वेळात ते घामात मुरून घट्ट बसलेलं. खोबरेल लावलं, तर लालाचं गुलाबी होऊन अख्खं कपाळ माखलं. मी पदरानं घासायला लागले तशी ती कळवळली. माझीच बोटं आधी पोळलेली, त्यात ते तेल झोंबायला लागलं. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, ते दुखण्यानं की वैतागानं, आता सांगता येणार नाही. नर्सबाई म्हणाल्या, "सरा. स्पिरिटान सगळा जाता." दवाखाना बंद, स्पिरिट कुठलं? त्यांनी कापसाचा बोळा फेणीत बुडवला आणि तिचं कपाळ पुसून काढलं.

निघालं. बरंचसं निघालं. मध्यावर मसुरीएवढा लाल डाग राहिला, तो काही केल्या जाईना. आणि त्याहून वाईट म्हणजे पडवीभर फेणीचा वास सुटला. तिच्या कपाळाला, केसांना, पदराला. फेणीचा वास कसा असतो ते ज्याच्या घरात ती सांडलीय त्याला विचारा. आम्ही तुळस चुरडून लावली, राख लावली, लिंबू लावलं. तुळस, राख आणि लिंबू यांचा वास लागलेली फेणी, एवढाच फरक पडला. आता घरी न्यायची ती काय म्हणून? कुंकू लावून घेतलेली विधवा की दारू प्यालेली? कुठल्यातरी एका गोष्टीवर तिचा दीर दार कायमचं लावणारच होता.

मी पडवीच्या पायरीवर बसकण मारली. म्हटलं, मला आता सुचत नाही. मी थकले. खरंच तसं म्हणाले मी, तिच्या तोंडावर.

ती पायरी बघूनच नर्सबाईंना सुचलं असावं. त्यांनी पिशवीतून कापूस आणि चिकटपट्टी काढली, त्या डागावर कापसाची घडी ठेवली आणि वरून आडवी-उभी पट्टी मारली. "पायरेर घसारली. खोक पडली. स्पिरिट लावलंय. समजला?" लाल डाग कापसाखाली गेला आणि वासालाही कारण मिळालं.

आम्ही दोघी तिला पोचवायला गेलो. दीर खळ्यात बाजेवर बसला होता. "काय झाला कपाळाक?" नर्सबाईंनी ठरलेलं सगळं धडाधड सांगितलं. दवाखान्यातल्या आवाजात त्या बोलल्या की फौजदारसुद्धा सरळ उभा राहिला असता. दीर म्हणाला, "बघून चलूक नको?" आणि तेवढ्यावर सुटलं. पण आतून सासू आली.  सुनेच्या अगदी जवळ येऊन उभी राहिली. तिच्या नाकपुड्या हलल्या.

"कसलो वास?"

"स्पिरिटाचो," मी म्हटलं. 

म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं, मग नर्सबाईंकडे. नर्सबाईंच्या कपाळावर फौजदारिणीचं हळदकुंकू तसंच होतं. पुसायचं आम्हा दोघींनाही सुचलं नव्हतं. ख्रिस्ती बाईच्या कपाळावर कुंकू, आणि हिच्या कपाळावर पट्टी. म्हातारी बघत राहिली. मग ती सुनेला म्हणाली, "आत चल," आणि दार लोटलं.

नर्सबाई पाणंदीतूनच दवाखान्याकडे वळल्या. घरी वाट्या तशाच पडलेल्या, धाकटा तापानं किरकिरत होता, आमचे घरचे विचारत होते जेवण कधी. वाट्या घासताना मी ठरवून टाकलं. बस झालं. कुणाचं भलं करायला जायचं आणि होतं ते एक दारही त्याचं बंद करून यायचं. आता पुढच्या चैत्रात मी दार लावून झोपणार.

त्यानंतर बरेच दिवस ती दिसली नाही. विहिरीवर तिची जाऊ यायची. मी विचारलं, बरी आहे का, तर म्हणाली, "आसा. आये तिका भायर सोडणा नाय." मला जेवण गोड लागेना. एकदा तिच्या घरापर्यंत गेले आणि मागे फिरले. काय विचारणार होते?

मग एका सकाळी ती विहिरीवर आली. कपाळावर पट्टी अजून होतीच, कडा मळलेल्या. मी घागर खाली ठेवली आणि तिला विचारलं, काय झालं ते सांग, मला झोप नाही. तिनं आजूबाजूला पाहून सांगितलं ते असं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीर बाहेर पडला, जाऊ गोठ्यात गेली, तेव्हा सासूनं हिला आत बोलावलं. पुढ्यात सहाण होती आणि सहाणेवर हळद उगाळलेली. "बस हय. खोकेर लेप लावतंय." हिला नाही म्हणता येईना. म्हातारीनं पट्टी नखानं सावकाश उचलली. कापूस बाजूला केला. खाली जखम नव्हती, लाल डाग होता. मैत्रिणीनं डोळे मिटले. आता आवाज चढेल, मग दीर येईल, मग काय ते होईल.

आवाज चढला नाही.  मग कपाळाला गार लागलं. म्हातारीनं लेप माखला नव्हता. बोटाच्या टोकानं, त्या लाल डागाच्या शेजारी, हळदीचं एक बोट लावलं होतं. जसं हळदीकुंकवात लावतात तसं. मग कापूस जागेवर ठेवला आणि पट्टी अंगठ्यानं दाबून बसवली.

"जखम इतक्यात भरूची नाय," म्हणाली. "पट्टी काढू नको."

एवढंच. त्यानंतर रोज सकाळी सहाणेवर हळद उगाळलेली असायची. घरात सगळ्यांना ठाऊक, सुनेच्या कपाळाला खोक पडलीय आणि म्हातारी स्वतः औषध करतेय. बाहेर सोडत नव्हती ती म्हणून. लाल रंग केव्हाच गेला होता, पण रोजची हळद लागत होती. "आणि उरलेली हळद," मैत्रीण म्हणाली, "ती टाकणा नाय. सहाणेर बोट फिरवत बसता कितीतरी वेळ."

 मी तिची घागर भरून तिच्या कडेवर दिली. माझ्याच्यानं दुसरं काही होण्यासारखं नव्हतं.

पुढच्या चैत्रात मी कुणालाच निरोप धाडला नाही. अंगात खरोखरच त्राण नव्हतं आणि ठरवलंही होतं. फौजदारांची बदली झाली होती, मुंबईवाली नवऱ्याकडे गेली होती. एका दुपारी मैत्रीण दारात उभी. पुढच्या दारात. रिकाम्या हातानं.

"काय गो," मी विचारलं, "काय झाला?"

"आयेन धाडल्यान. ह्या वर्षी चवीक नाय काय, म्हणान विचारता." ती जरा थांबली. "आणि नर्सबाईक सांग म्हणाली, येताना पट्टी घेवन ये."

 माझी पाठ दुखत होती, चूल पेटायची होती, दुपारची भांडी पडली होती. मी तिला बस म्हटलं आणि या वर्षासाठी करवंदं कुठे पिकलीत ते विचारलं.